वेलांटी
नवऱ्यानं निम्मं आयुष्य दुसऱ्या बाईकडे काढलं, पण घटस्फोट झाला नव्हता. त्यामुळे त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं पहिल्या बायकोनंच ठरवायचं, असं वकिलानं सांगितलं होतं. ‘दुसरी’ पाथरवटाच्या दारात अंग चोरून उभी होती. “बघायचं तर बघ, लुडबूड नको,” पहिलीनं बजावलं. पाथरवटानं दगडावर खडूनं नाव लिहिलं आणि छिन्नी उचलून विचारलं, “मधल्या अक्षराची वेलांटी पहिलीच ना? एकदा कोरली की पुसता येत नाही, बाई.” “पहिलीच.” दारातून दबका आवाज आला, “ते दुसरी काढायचे.” पहिली उसळली, “आमच्या लग्नपत्रिकेत पहिलीच होती!” “होती ना, ताई. नंतर बदलली त्यांनी.” पाथरवट उगाच खोकला. नवऱ्याची सही शेवटची कधी पाहिली, ते पहिलीला काही केल्या आठवेना. तिनं तळहातानं वेलांटी पुसली, खडू दुसरीपुढे धरला. “घे. दुसरी तूच काढ.”