किलकिले डोळे

“डोळे किलकिले करा, ताई. तपशील गाळा आणि जे उरेल तेवढंच रंगवा,” दाभाडेसर शिकवत होते.

वैजयंतीने तसं करताच समोरचा बाजाररस्ता नुसत्या करड्या-पिवळ्या डागांचा झाला. मधोमध छत्रीवाली एक बाई उभी होती. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत तिला कॅनव्हासवर उतरवून वैजयंतीने डोळे उघडले, तर रस्त्यावर बाईच नव्हती.

सर चित्राकडे बघतच राहिले. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने त्यांनी ती बाई पुसून टाकली.

“मी शिकत होतो तेव्हा ती पलीकडच्या फुटपाथवर असायची,” ते हळूच म्हणाले. “आता डोळे टक्क उघडे ठेवा आणि सामान आवरा.”

तेवढ्यात धुळीचा लोट आला आणि वैजयंतीचे डोळे आपोआप किलकिले झाले. कॅनव्हासवर छत्रीची सावली पडली होती.