व्हर्नाची रंगीत तालीम

अमेरिकेतल्या नेब्रास्कात ट्रक चालवणाऱ्या व्हर्नाने अखेर आपल्या ट्रकसाठी बोलायचा रेडिओ घेतला. दुकानदार क्लेम म्हणाला, "साधा घे की, गप्पाच मारायच्यात ना?" पण तिने सगळ्यांत लांब आवाज नेणारा निवडला. तिला ऑर्व्हिलशी बोलायचं होतं. तोही ट्रकवालाच, पण गेली चार वर्षं तो समोर आला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

रविवारी सकाळी गावातल्या रस्त्याकडेला ट्रक लावून तिने अँटेना आरशाच्या दांडीला घट्ट आवळली आणि माइकचं बटण दाबलं. "कोणी ऐकतंय का?" नुसती खरखर. दहादा विचारलं, तरी खरखरच. कोणी ऐकत नाहीच, तर रंगीत तालीम तरी करू, म्हणून डोळे गच्च मिटून ती एका दमात म्हणाली, "ऑर्व्हिल, बाबा रे, तुझ्याशिवाय करमत नाही मला. लग्न करतोस का माझ्याशी?"

मग स्वतःच्याच धिटाईवर ती पोट धरून हसली.



तेवढ्यात समोरच्या चर्चमधून पाद्रीबाबा धावतच आले. "व्हर्ना, पोरी, बटण सोड आता! तुझा रेडिओ आमच्या चर्चच्या भोंग्यात घुसला, माझ्या प्रवचनाच्या मध्येच तुझा आवाज आला... आणि तिसऱ्या बाकावरचा ऑर्व्हिल उभा राहून 'हो, हो' म्हणतोय!"