तालमीतलं वजन

स्ट्रेचर आतल्या खोलीच्या दारात अडकलं, तेव्हा समुद्राचं पाणी आमच्या घोट्याला लागलं होतं.

वादळात कुणी कुणाला उचलून शाळेत न्यायचं, याची गावाने तीनदा तालीम केली होती. अंथरुणाला खिळलेले धाकूतात्या आमच्या बचतगटातल्या चौघींच्या वाट्याला होते. आयुष्यभर होडीवर खलाशांचा म्होरक्या, तांडेल, राहिलेल्या माणसाला उगाच त्रास कशाला, म्हणून दर वेळी माझ्या किडकिडीत जावेलाच आम्ही अंगणात स्ट्रेचरवर झोपवायचो आणि पळत सुटायचो. तात्या खाटेवरून घड्याळ बघत खिडकीतून ओरडायचे, "सात मिनिटं! शाब्बास!"

आत स्ट्रेचर कुणी नेऊनच बघितलं नव्हतं. तात्यांना गोधडीत घालून उचललं, तर चौघींना पेलेनात. दोनदा हातातून निसटले. खिडकीबाहेर कुंपण दिसेनासं झालं.

"कुंपण बुडालं की पथकाने निघायचं. नियम मीच घातलाय," तात्या म्हणाले. "निघा गो पोरींनो."

मी गोधडी सोडेना, तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या मुठीत कोंबलं.

"पुढच्या तालमीला तुझ्या जावेला झोपवू नका. म्हातारा उचला."