आकडा येऊ दे

सकाळी साडेअकरा वाजता नव्या सर्व्हरचे पंखे बंद पडले. पुराचा अंदाज काढणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक, त्याच्यावरच चालू होतं आणि आकडा यायला अजून वीस मिनिटं होती.

पूर केंद्राच्या इंजिनिअर बाईंनी वेळ घालवला नाही. सर्व्हर तापून बंद पडायच्या आत त्यांनी ते मशीन चालू हिशेबासकट शेजारच्या जुन्या सर्व्हरवर हलवलं. आजवर कितीदा तरी असंच हलवलं होतं. या वेळी ते तिथे पोचलं आणि क्षणात कोसळलं.

का, ते बाईंना स्क्रीनकडे न बघताच कळलं. नवा प्रोसेसर एका फटक्यात सोळा आकड्यांचा हिशेब करतो, जुन्याला ते येतच नाही. म्हणून आधीचे सिनियर नव्याची ही करामत आतल्या मशीनपासून झाकून ठेवायचे. अशा मशीनला त्यांच्या कामात पाहुणाच म्हणतात. "पाहुण्याला गिझरची सवय लावू नका," सिनियर हसत सांगायचे, "उद्या गिझर नसलेल्या घरी पाठवायची वेळ आली तर?" ते निवृत्त झाले. गेल्याच आठवड्यात बाईंनी झाकण काढलं. तीन तासांचा अंदाज चाळीस मिनिटांत यायला लागला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आता करामत पुन्हा झाकायची आणि जुन्या सर्व्हरवर पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणजे तीन तास.

"साहेब, भोंगा आत्ताच वाजवू या. धरणातून पाणी सुटलंय."

"किती चढेल?"

"आकडा नाही."

"मग कशाच्या जोरावर वाजवू? मागच्या वेळी उगाच वाजला, तेव्हा शिव्या कुणी खाल्ल्या?"

बाईंनी जिन्यात जाऊन धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचं घर नदीकाठच्या खालच्या गल्लीत, तळमजल्यावर.

"घर सोड. आत्ताच्या आत्ता."

"अगं ताई, सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांना उचलायला चार माणसं लागतात. तुमचा आकडा आला का?"

'आला' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर होता. पण आकड्याच्या बाबतीत त्या जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

"मग? अफवा ऐकून पळू नका, आकडा आला की निघा, हे तूच सांगतेस ना? येऊ दे आकडा."

"ऐक गं माझं..."

तिकडे कुणीतरी खोकत हाक मारत होतं. "आले हं बाबा," असं म्हणत बहिणीने फोन ठेवला. बाईंनी लगेच पुन्हा लावला, तिने उचलला नाही. मग त्या लावतच राहिल्या. दोन वाजल्यापासून तो लागेनासाच झाला.

अडीचला आकडा आला. खालच्या गल्लीत छातीइतकं पाणी. वेळ, दुपारी पावणेदोन.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.

"वाजवा आता भोंगा," ते म्हणाले.