सुमार्दी मास्तरांचा तेरडा

बायको लास्मिनी लेकीच्या बाळंतपणाला सुराबायाला गेली, तेव्हा तिला खूश करायचं म्हणून सुमार्दी मास्तरांनी मलांग शहरातल्या आपल्या घराचं अंगण साफ करायला घेतलं. कोपऱ्याकोपऱ्यातलं सगळं 'गवत' त्यांनी मुळासकट उपटलं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अहो मास्तर, तेरड्याची रोपं होती ती! दरवर्षी आपली आपण उगवतात."

"आणि म्हणे जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस!" मास्तरांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. इतकी वर्षं लास्मिनीनं त्या तेरड्याला धक्का लागू दिला नव्हता. मग बाजारातून फुलाबोंडांनी लगडलेली रोपं आणून त्यांनी कण्हतकुंथत लावली.

लास्मिनी परतली आणि फाटकातच थबकली. "हा तेरडा कुणी लावला?"

"लावतंय कोण? आपोआप आला."

"असा रांगेत?"

मास्तरांनी खरं काय ते सांगून टाकलं. लास्मिनी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"अहो, मला कुठं आवडतो हा! नवी नवरी होते तेव्हा तुम्ही 'छान आहे' म्हणालात, म्हणून आजवर सोसला."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो!"

"उपटला होतात ना? मग तेवढ्यावर थांबायचं!"

"आत्ता काढतो," म्हणत मास्तरांनी तावातावानं पहिलं रोप धरून ओढलं.


पिकलेली बोंडं फटाफट फुटली आणि बी पार शेजारणीच्या अंगणापर्यंत उडालं.