पोटदुखी

लेकीची आबाळ होते, अशी बालकल्याण समितीकडे तक्रार गेली. पूर्वी असतं तर लेकीला एकटीलाच उचलून नेलं असतं. पण नियम बदलले होते, म्हणून एकोणीस वर्षांची आई आणि तीन वर्षांची लेक, दोघींनाही मुलं सांभाळण्यात हयात गेलेल्या मावशींच्या घरी ठेवलं. आई स्वतः अनाथाश्रमात वाढलेली. मूल कसं सांभाळतात ते मावशींकडे बघून शिकायचं, एवढंच तिचं काम.

पण बघता बघता तिच्या पोटात दुखायला लागलं. मावशी गरम घास फुंकून भरवायच्या. केस विंचरताना बट मुळाशी घट्ट धरायच्या, म्हणजे ओढ बसू नये. लेक त्यांच्या गुडघ्याला रेलून डोळे मिटायची आणि दारात उभ्या आईचा नुसता जळफळाट व्हायचा. मग ती आत जाऊन भांडी आपटायची.

समितीकडून पाहणीला आलेल्या ताईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशींचा हेवा वाटतो का गं तुला? लेक तुझ्यापासून तोडतील असं वाटत असेल तर सांग, दुसरं घर बघू."

"नको," ती घाईघाईने म्हणाली. "मावशींचा नाही वाटत."

आणि तरातरा बाहेर गेली.

 

मावशी लेकीच्या केसांना रबर लावत होत्या. आई त्यांच्या पुढ्यात बसली, अंबाडा सोडला आणि मान खाली घालून म्हणाली, "हिचं झालं की माझे विंचराल?"