घर नावाचा डेटाबेस

कंपनीच्या मेनफ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, बिघडलेले डेटाबेस दुरुस्त करण्यात तिची निम्मी हयात गेली होती. तिचा दुरुस्तीचा प्रोग्राम जुना आणि भलताच मानी. आधी डेटाबेसचा प्रकार तपासायचा. ओळखीचा नसला तर त्याला बोटही लावायचा नाही.

तो नीट नकार देतोय ना, हे पाहायला ती रोज सकाळी त्याला एक खोटंच नाव द्यायची: ‘घर’. अशा नावाचा डेटाबेस नव्हताच. पडद्यावर उमटायचं, ‘प्रकार जुळत नाही.’ मग ती खुशीत कामाला लागायची. नाहीतरी नवरा, एकुलती एक लेक आणि ती. त्या सुखाच्या घरात दुरुस्त करण्यासारखं होतं तरी काय!

आज मात्र उमटलं, ‘प्रकार जुळला.’ आणि ती काही करायच्या आतच, ‘एक तुटलेला दुवा सापडला. जोडला.’

“म्हातारा चळला गं आमचा,” पडद्याकडे बोट दाखवत ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली. दोघी खो-खो हसल्या.

तेवढ्यात घरून फोन आला. लेक रडकुंडीला आली होती. “आई, ताई बघ ना, मला खिडकीत बसूच देत नाहीये!” मागे नवरा मजेत हसत होता.

“तुमचं रोजचंच आहे,” ती चहाचा घोट घेत म्हणाली. “दे बघू तिला फोन.”

बोलून गेली, आणि तिने कप खाली ठेवला. तिला तर एकच लेक होती.

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.